शोकेसमधला गुडघा

आमच्या बाबांचं चपलांचं दुकान. चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय हा माणूस साधी सुईसुद्धा घेत नाही. आईचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले, तेव्हा त्यांनी मोबाइलवर ऑपरेशनांचे भाव दाखवणारी साइट उघडली, सगळ्यांत स्वस्त हॉस्पिटल निवडलं आणि आगाऊ पैसे भरून मोकळे झाले. "निम्म्या किमतीत उरकलं," असं गल्लीभर सांगत सुटले. मी म्हटलं, "बाबा, नीट वाचलंत ना?" तर माझ्यावरच खेकसले, "तू मला खरेदी शिकवू नकोस."

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने पावती पाहून विचारलं, "कुठला गुडघा, काका? उजवा की डावा?"

"दोन्ही."

"पण हे एकाचेच पैसे आहेत."

बाबांचा आवाज चढला. "एकाचा भाव कोण लावतं? साइटवरच्या फोटोत एक दिसला, म्हणजे दुसरा आत असणारच! आम्हीही शोकेसमध्ये एकच चप्पल ठेवतो, पण भाव जोडीचा असतो!"

मुलगी तोंडावर हात धरून हसू दाबू लागली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

व्हीलचेअरवरची आई मात्र हसली नाही. "बरोबर बोलतायत ते," ती मुलीला म्हणाली. "शोकेसमध्ये एकच असते. गिऱ्हाईकाला आवडली, की दुसरी काढायला शिडी लावून माळ्यावर मी चढायचे. जन्मभर चढले."

मग बाबांकडे वळून म्हणाली, "आता हा दुसरा आणायला तुम्ही चढा."