पाणी एकशे दोनला उकळले

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना तापमापक आहे. काखेत धरतात तो नव्हे, मित्रांनो! तापाने फणफणलेल्या मुलांशी माझी कधी गाठच पडली नाही. माझा संबंध उकळत्या पाण्याशी, वितळत्या मेणाशी आणि बर्फाच्या चुऱ्याशी. एका कारागिराने काच फुंकून मला घडवले, पोटात पारा भरला आणि अंगावर उणे दहापासून एकशे दहापर्यंत बारीक रेघा आखल्या. मग कापसात गुंडाळून मी शाळेत आलो तो कायमचाच.

तिथे मला मामा भेटले. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक. सगळी शाळा त्यांना मामा म्हणे, पण खरे मामा ते एकाच मुलीचे. ती आठवीत होती. चष्मा मोठा म्हणून वर्गाने तिचे नाव 'चष्मिस' ठेवले होते. शाळेत कोणाला भाचीचे लाड दिसू नयेत म्हणून मामा तिच्याशी जरा जास्तच कडक वागत.

आम्ही चार तापमापक होतो. ओळखू यावे म्हणून मामांनी आमच्या गळ्यात चार रंगांचे दोरे बांधले होते. माझा निळा. शाळा सुटली की ते आम्हाला मऊ फडक्याने पुसत आणि एकेकाला डबीत निजवत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक काचसुद्धा फुटली नव्हती. विज्ञानाच्या बाई हे प्रत्येक नव्या शिक्षकाला कौतुकाने सांगत, आणि मामा तेव्हा उगाचच खिडक्या उघडायला जात.

पण एका शनिवारी पुसता पुसता मी त्यांच्या हातून निसटलो आणि टेबलाच्या कडेवर आपटलो. त्यांनी मला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले. काचेला तडा नव्हता. "वाचलास रे बाबा!" असे म्हणून त्यांनी मला डबीत ठेवले आणि कोणाला काही सांगितले नाही.

मी मात्र वाचलो नव्हतो. माझ्या नळीतला पारा मध्येच तुटला होता. वरचा तुकडा तीन रेघा वर सरकून अडकला होता. आता मी जे काही दाखवणार ते तीन अंशांनी जास्त! आणि हे सांगायला मला तोंड नव्हते.

पुढच्या आठवड्यात आठवीचा प्रयोग होता. पाणी तापवायचे, दर दोन मिनिटांनी तापमान पाहायचे आणि तक्त्यात लिहायचे. सोमवारी एका गटाने मला पाण्यात सोडले, मंगळवारी दुसऱ्या. दोन्ही गटांनी खूप गप्पा मारल्या. पाणी उकळताच सगळ्यांनी शंभर लिहिले. माझ्याकडे पाहण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

बुधवारी चष्मिस आली. ती गुडघ्यांवर वाकली, डोळे माझ्या पाऱ्याच्या पातळीत आणले आणि वाचले. एकशे दोन. दोन मिनिटे थांबून पुन्हा वाचले. पुन्हा एकशे दोन.

"अगं, शंभर लिही ना," तिची मैत्रीण कुजबुजली. "पाणी शंभरलाच उकळतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकातलं पाणी उकळत असेल. आपलं एकशे दोनवर गेलंय."

वही पाहून बाईंचाच पारा चढला. "उकळतं पाणी एकशे दोन? लक्ष कुठे होतं तुझं?"

"बाई, तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय!" मागून कोणीतरी म्हणाले आणि वर्ग खदखदून हसला.

"खोड ते आणि नीट लिही."

चष्मिसने खोडरबर हातात घेतले. तिचे डोळे भरून आले होते. "खोडते, बाई. पण मग लिहू काय? मला तर एकशे दोनच दिसलं."

मामा कोपऱ्यात चंचुपात्रे धूत होते. त्यांचे हात थांबले. ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळले नसते. त्यांचे नाव तसेच राहिले असते. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि ते पुढे आले.

"बाई, पोरीला रागावू नका. तो निळ्या दोऱ्याचा थर्मामीटर शनिवारी माझ्या हातून पडलाय. काच धड दिसली म्हणून मी बोललो नाही. चुकलं माझं."

बाईंनी मला खिडकीशी धरले. बराच वेळ निरखून पाहिले. "पारा तुटलाय की! एक, दोन... तीन रेघा."

मग त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी आधीच्या दोन दिवसांच्या वह्या उघडल्या. तीस, चाळीस, पन्नास, साठ... थेट शंभर.

"का रे, पाणी काय दहाचा पाढा म्हणत तापतं?" हसणारी तोंडे खाली गेली. बाईंनी वही मिटली आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मीही न बघता सह्या करत सुटले."

मामांनी बर्फ कुटला, त्यात मूठभर मीठ घातले आणि मला त्यात उभे केले. पारा आकसत आकसत सगळा खाली फुग्यात उतरला आणि तुटलेला तुकडा त्याला जाऊन मिळाला. घशात अडकलेला घास सुटावा तसे मला झाले! थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांनी मला पुन्हा उकळत्या पाण्यात सोडले. सारा वर्ग भोवती जमला.

"नव्याण्णव!" मघाशी चष्म्यावरून चिडवणारा मुलगाच ओरडला. "बाई, आता एक कमी कसा?"

"आपलं गाव उंचावर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी जरा लवकर उकळतं," बाई हसल्या. "इतकी वर्षं सगळे शंभर लिहितात. कोणी पाहिलंय का?"

चष्मिसने एकशे दोन खोडले नाही. खाली नव्याण्णव लिहिले आणि फरकाचे कारणही. बाईंनी दोन्ही आकड्यांशेजारी सही केली.

वर्ग गेल्यावर ती मागे रेंगाळली. "मामा, माझ्यामुळे तुला सगळ्यांसमोर..."

"वेडी का गं तू? पाच दिवस घास गोड लागत नव्हता मला. सुटलो बघ." तिच्या डोक्यावर हात ठेवताना मामांना त्या दिवशी शाळेचे भान राहिले नाही.

मित्रांनो, मामा आता निवृत्त झाले आहेत. पारा विषारी म्हणून आम्हालाही कपाटात बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. तुमच्या हाती आकडे उजळणारी नवी यंत्रे आली आहेत. त्यांना जपून हाताळा. हातून पडली तर लगेच सांगा. आणि ती जे दाखवतील तेच लिहा, मग ते कितीही विचित्र वाटो. आम्ही उपकरणेही आजारी पडतो, पण आम्हाला कण्हता येत नाही. माझे दुखणे कळले ते एका मुलीने खरा आकडा लिहिला म्हणून.