आबांची गूळतुला

माझ्या सासूबाईंनी नवस बोलताना घाई केली, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या चैत्रात, यात्रेच्या दिवशी, कासार आंबोलीच्या अख्ख्या गावासमोर त्या देवीला मोठ्यानं म्हणाल्या, "आई, पुढच्या यात्रेपर्यंत ह्यांची बाटली सुटू दे. ह्यांच्या वजनाइतका गूळ तुज्या पायाशी घालीन." ह्यांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची, हैबतरावांची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा तेव्हा सभामंडपाच्या खांबाला टेकून बसले होते आणि दोघांत खांबच जास्त अंगापिंडानं भरलेला दिसत होता.

देवीनं ऐकलं. आबा पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि दारू खरंच बंद झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, तल्लफ आली की काहीतरी गोड तोंडात टाका. आबांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, हे मात्र मनावर घेतलं. सदऱ्याच्या खिशात कायम गूळ. बाजाराला जाताना एक खडा, गुत्त्यावरून जाताना दोन, जुना दोस्त भेटला तर मूठभर. तल्लफ आली नसली तर ती येऊ नये म्हणून एक. शिवाय दारूमुळं रुसून गेलेली भूक परत आली ती मुक्कामालाच. दिवाळीपर्यंत आबांच्या सदऱ्याची बटणं उडायला लागली.

सासूबाई पौडला युनूसभाईंच्या किराणा दुकानातून अधूनमधून नवसाची ढेप आणून माडीवर रचत होत्या. आबा खिसा भरायला त्याच माडीवर जात होते. गूळ कमी होत होता आणि ज्याच्या वजनानं तो घालायचा तो माणूस वाढत होता. दोन्ही पारडी आबा एकटेच हलवत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

होळीच्या पोळ्यांना घरातला गूळ पुरेना, म्हणून मी नवसातली एक ढेप उचलायला गेले, तर ती चटकन हातात आली. समोरून अख्खी, मागून पोखरलेली. रांगेतल्या सगळ्या तशाच. मी उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खाली आले. आबा आढ्याकडे बघत बसले होते.

"उंदीर न्हाई," ते म्हणाले. "मीच हाय."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आबा इतके खजील झाले की आता मी बारीकच होतो म्हणाले. हे ऐकून माझ्या नवऱ्याला, निरंजनला, स्फुरण चढलं. तो हिंजवडीला दिवसभर खुर्चीत बसतो आणि पावलं मोजणारं घड्याळ घालतो. त्यानं मोबाईलमधून आहार शोधून काढला. सकाळी काकडी, दुपारी मोड आलेले मूग, रात्री गरम पाणी आणि उपदेश. गूळ बंद, खिसा रिकामा. आबा घरातून असे फिरायला लागले की गोठ्यातली म्हैससुद्धा अंग चोरून उभी राहायची. वजन उतरलं, हे खरं. चेहराही उतरला.

मग एका रविवारी दुपारी युनूसभाई आबांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन आले. त्यांचं दुकान आणि गुत्ता समोरासमोर आहेत. आबांचा एक गाल फुगलेला होता.

"वहिनी, हे गुत्त्याच्या दारात उबे व्हते," युनूसभाई म्हणाले. "आत गेले न्हाईत. पण खिसा चाचपत व्हते, आन् खिशात काय बी न्हवतं. मी तोंडात गूळ घातला आन् घिऊन आलो."

निरंजननं ते घड्याळ हळूच मनगटावरून काढलं.

"नवस फिटंना," आबा खाली बघत म्हणाले. "म्हून बारीक व्हाया बघत व्हतो."

सासूबाई माडीवर गेल्या, त्यातल्या त्यात कमी पोखरलेली ढेप घेऊन आल्या आणि आबांपुढं ठेवली.

"खावा," त्या म्हणाल्या. "गूळ कमी पडला तर बाजारात मिळतुया. तुमी कमी पडला तर कुटनं आणू?"

आबा रडले. गूळ खाता खाता रडले, त्यामुळं फारसं शोभलं नाही.

यात्रेला युनूसभाईंनी गोदामातला वडिलांच्या काळचा धान्याचा तराजू काढून दिला. देवळापुढच्या लिंबाला तो टांगला. आबा एका पारड्यात मांडी घालून बसले, दोर करकरले, बघ्यांनी चार पावलं मागं घेतली. दुसऱ्या पारड्यात नव्या-जुन्या सगळ्या ढेपा चढल्या. तरी आबांचं पारडं बोटभर खालीच राहिलं.

"अजून लागंल," गुरव म्हणाला.

सासूबाई आबांच्या सदऱ्याकडे बघत होत्या. "खिशात काय हाय?"

आबांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. काकडी-मुगाचे ते दिवस सोडले तर वर्षभर त्या गुळाशिवाय ते परसातसुद्धा गेले नव्हते. "यात्रंत लई दोस्त आल्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "घरला जायचंय अजून."

"मी हाय की संगं. टाका."

आबांनी वरचा खिसा उलटा केला. मग बाजूचे दोन. मग इकडंतिकडं बघून टोपी काढली, तर तिच्याखालूनही एक खडा निघाला. सगळा गूळ त्यांनी वाकून पलीकडच्या पारड्यात टाकला. पारडी डुलली आणि आबा सावकाश वर आले. लोकांनी भंडारा उधळला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि भंडारा डोळ्यात गेला म्हणाल्या.

गुरवानं प्रसादाचा खडा हातावर ठेवला. आबांनी तो सवयीनं खिशाकडे नेला, मग मोडून अर्धा सासूबाईंना दिला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. खिसे रिकामेच राहिले.

परतताना आंब्याखाली बसलेल्या जुन्या दोस्तांनी हाक मारली, "हैबतराव, या की हिकडं."

तोंडात गूळ असल्यामुळं आबांना उत्तर देता आलं नाही. आणि सासूबाईंनी भर रस्त्यात हात धरल्यामुळं थांबताही आलं नाही.