शोकेसमधून खाली उतरलो त्या दिवशी

मी एक काचेचा ग्लास. उलव्यातल्या कान्हाच्या लग्नात आहेरात आलो आणि थेट शोकेसमध्ये बसलो. "पाव्हन्यांचा हाय, हात लावू नका," हा कान्हाच्या आईचा, काशीचा हुकूम. पाहुणे यायचे, स्टीलच्या ग्लासातून पाणी पिऊन जायचे. मी नुसता बघायचो. पण त्या दिवशी जे बघितलं, त्याने अजून अंगावर काटा येतो.

कळंबोलीत ट्रकने कान्हाची बाइक उडवली होती. पोटातली प्लीहा फाटली, काढावी लागली. डॉक्टर चारुलतांनी बजावलं, प्लीहा नसली की न्यूमोकॉकससारखे जंतू रक्तात झपाट्याने पसरतात. लस घ्या, ताप आला तर घरी थांबू नका. कान्हाने ते घरी हसत सांगितलं. "भावकीत हलद हाय. नाचून झालं का घेतो सुई." एक हळद झाली, दुसरी आली. सुई राहिलीच.

मग एका सकाळी तो हुडहुडी भरून सोफ्यावर पडला. दुपारी पायांवर जांभळे डाग उठले. काशीने हात जोडले.

"देवी आली हाय. दवा देऊ नको, कोपंल. कडूनिंबाचा पाला आन."

कान्हाची बायको रंजिता उठली, पण त्याचे निळे ओठ बघून थबकली. तिने डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

"काचेचा ग्लास आहे का? डागावर दाबून धरा."

रंजिताने शोकेस उघडलं. कान्हाच्या पोटरीवर तिने मला दाबलं. वाटलं, दाबल्यावर डाग फिके होतील. एकही झाला नाही. माझ्याखाली, कातडीच्या आत रक्त पसरलं होतं. मी हादरलो.

"जात नाय, मॅडम."

"आत्ता निघा. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात. दारातच सांगा, प्लीहा काढलीय. इंजेक्शन लगेच सुरू व्हायला हवं, मी फोन करते."

काशी दारात आडवी आली. रंजिताने सासूला बाजूला सारलं.

"आई, देवी नाय ही. थांबलो तं हे वाचनार नाय."

कान्हा वाचला. पण रक्त न पोचल्याने बोटं काळी पडली, पुष्कळशी कापावी लागली. तसे हात घेऊन तो घरी आला, तेव्हा काशी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

तुमच्या घरात कुणाची प्लीहा काढली असेल, तर हळद होत राहील, लस आधी घ्या. आणि ताप आला तर पाला शोधत बसू नका.

आता कान्हा मला दोन तळव्यांत धरून पाणी पितो. परवा पाहुणे आले, कुणीतरी मला उचललं.

"त्यांना स्टीलचा द्या," काशी म्हणाली. "त्यो माझे कान्हाचा हाय."