डोई उघडी ठेवावी

अल्लीपूरच्या मनकर्णाबाईला कोणी काळी म्हणा, जाडी म्हणा, भांडखोर म्हणा, ती हसून सोडून द्यायची. पण तिच्या कलमाला कोणी खोटं म्हटलं तर? मग मात्र चुलीवरची भाजी करपली तरी चालेल, बाई पदर खोचून निघालीच म्हणून समजा. आणि एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीत, देवळीला, आठ माणसांसमोर तिच्या कलमाला खोटं म्हटलं गेलं.

आधी वहीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वर्धा, देवळी, बोरगाव मेघे, अल्लीपूर असे चहूकडचे आठ गुलाबवेडे होते. त्यांचं मंडळ म्हणजे एक दोनशे पानी जाड वही. ही वही एसटीतून फिरायची. कवडू कंडक्टरला स्वतःलाच गुलाबाचा नाद, तो तिकिटांच्या पेटीखाली वही घालून या गावची त्या गावाला पोचवायचा. ज्याच्या घरी वही आली त्यानं चार दिवस ठेवायची, आधीच्यांचं वाचायचं, आपलं लिहायचं आणि पुढे धाडायची. कोणी विचारायचं, पानं पिवळी का पडली? तीन गावं ओलांडून पंधरा दिवसांनी उत्तर यायचं. भांडणंही तशीच, सावकाश चालायची. गुलाबाला शेणखत बरं की सरकीची ढेप, यावर देवळीचा कापडवाला महादेवराव आणि वर्ध्याचा किराणावाला हिरालाल अकरा पानं भांडले, आणि शेवटी दोघांनीही आपापलंच केलं.

मग या वहीत नववे म्हणून सदाशिवराव गुरुजी आले. सगळा जन्म साताऱ्याकडे हेडमास्तरकी केलेली, निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी बोरगाव मेघेला येऊन दोन वर्षं झालेली. गुलाब चांगले, मनही चांगलं, पण हातात लाल शाईचा पेन. वही त्यांच्या घरून निघाली की गोवर आल्यासारखी दिसायची. कोणाचा दीर्घ ऱ्हस्व केला, कोणाचा 'न' मोडून 'ण' केला. हिरालालनं चिडून लिहिलं, 'गुरुजी, गुलाबाले व्याकरन समजते काय जी?' त्यावर लाल शाईत उत्तर आलं, 'गुलाबाला समजत नाही, वाचणाऱ्याला समजते. अशुद्ध लिहिणे म्हणजे मळक्या धोतराने लग्नाला जाणे. आणि व्याकरण, व्याकरन नव्हे.' झालं! महिनाभर वहीत गुलाब राहिले बाजूला आणि शुद्धलेखनावरच रणकंदन माजलं. निम्मे गुरुजींकडे, निम्मे हिरालालकडे.

मनकर्णाबाई कोणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिला लिहायचीच धास्ती होती. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पुढं गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा नवरा रूपराव म्हणाला, "जाजो वं, काय बिघडते," म्हणून गेली. अक्षर मोठं, आडदांड, ओळ सोडून चालणारं. पण त्या वहीत तिच्या नावाचं पान होतं. शेत रूपरावाच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्डावरही ती कोणाची तरी बायकोच. वहीत मात्र 'मनकर्णा, अल्लीपूर' एवढंच, आणि त्याखाली तिचे स्वतःचे शब्द. ते पान तिला फार प्यारं होतं.

डिसेंबरात महादेवरावानं वहीत विचारलं, 'एका रानगुलाबावर पाहिजे तो गुलाब कसा आणावा? कोणास येते काय?' आठ जणांत कोणालाच येत नव्हतं. सगळे काड्या रोवणारे, नाहीतर रोपं विकत आणणारे. मनकर्णाबाईला येत होतं. तिचं माहेर कारंज्याकडचं, बाप संत्र्याची कलमं बांधणारा. आठव्या वर्षापासून ती त्याच्या मागं सोपट ओलं करून द्यायची. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली चिवट पट्टी, कलम त्यानं बांधायचं. संत्र्याला जे लागतं तेच गुलाबाला लागतं, हे तिनं स्वतः करून पाहिलं होतं. चार रात्री गेल्या, दोन कागद फुकट गेले, आणि तिनं बाप जसा सांगायचा अगदी तसंच वहीत उतरवलं. पुढची पाळी गुरुजींची होती; वही कवडूच्या हाती दिली तेव्हा तिला बाळंतीण झाल्यासारखं हलकं वाटलं.

दीड महिन्यानं, एका रविवारी सकाळी, महादेवरावाच्या दुकानामागच्या अंगणात मंडळ जमलं. मनकर्णाबाई डालड्याच्या डब्यातलं आपलं कलम कडेवर घेऊन आली. रानगुलाबाच्या अंगातून बोटभर लालबुंद फुटवा निघालेला. अठरा बांधली, सोळा लागली! कौतुक होईल, म्हणून बाई नवं लुगडं नेसून आली होती.

अंगणात पाय ठेवला तर सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. भिंतीशी रांगेनं कुंड्या मांडलेल्या, प्रत्येक कुंडीत रानगुलाबाचा एक खुंट, आणि प्रत्येक खुंटावर काळं पडलेलं, सडलेलं कलम.

"पाहा जी," महादेवराव म्हणाला. "आठ जनांनी मिळून साठ खुंट बांदले. एक, एक नाई लागला."

हिरालालची नजर तिच्या डब्यावर गेली. "अन बाईचं पाहा कसं फुटून राह्यलं! आमचं सडलं, हिचं लागलं. याचा अर्थ काय? हातचं राखून सांगतलं बाईनं. कलम बांदनाऱ्याची जातच अशी, खरी गोठ पोटात ठेवते."

मनकर्णाबाईच्या कानशिलाला आग लागली. "मी? मी हातचं राखलं?"

गुरुजींनी घसा साफ केला. "मी कोणावर आरोप करत नाही. पण अर्धवट ज्ञान आणि अशुद्ध भाषा एकत्र आली की असं होतं. माझी सूचना आहे, यापुढे ज्याला नीट लिहिता येत नाही त्यानं वहीत लिहू नये. बाईंचं पान काढून टाकावं."

कोणीच 'नाही' म्हटलं नाही. आतापर्यंत शुद्धलेखनावर गुरुजींशी भांडणारा हिरालालही खाली मान घालून बसला. साठ खुंट मेले होते, कोणाच्या तरी माथी मारायलाच हवे होते.

दुसरी एखादी रडत घरी गेली असती. मनकर्णाबाईनं डबा खाली ठेवला आणि कमरेवर हात दिले. "मी लिवलं तसं केलं का तुमी?"

"अक्षर न अक्षर!" महादेवराव तडकला. "टोपीसुद्धा काढली म्या! बापाच्या मयतीनंतर पयल्यांदा उघड्या डोक्यानं अंगनात बसलो. लोक विचारून राह्यले, कोन गेलं म्हनून!"

"टोपी?" मनकर्णाबाई चक्रावली. "टोपी काऊन काढली?"

"काऊन म्हंजे? तुमीच तं लिवलं!"

"माह्या तं टकलाचं सालटं निघालं उन्हानं," हिरालाल म्हणाला. "आठ खुंट होईस्तोवर टोपी नाई घातली. म्हटलं, देवाधर्माचं काई असन."

वर्ध्याच्या कौशल्याबाई एका कोपऱ्यात बसल्या होत्या. घर सोवळ्याओवळ्याचं, सासू कडक. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाई, मी डोक्यावरचा पदर खाली पाडून बांधलं हो. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं. आठ दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी."

"माय वं!" मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला. "तुमी सारे येडे झाले का जी? आना ती वही इकडं!"

वही आली. तिनं आपलं पान काढलं आणि पाहतच राहिली. खाली नाव तिचं, पण अक्षर तिचं नव्हतं. सुंदर, एका ओळीत बसलेलं, टपोरं, लग्नाच्या पत्रिकेवर शोभेल असं अक्षर. ती बोट ठेवून हळूहळू वाचू लागली. 'खुंटावर प्रथम आडवी व नंतर उभी चीर द्यावी. साल हलकेच उकलावी. हव्या त्या गुलाबाचा फुगलेला कोंब सालीसकट काढून त्या फटीत बसवावा. वरून सोपट घट्ट बांधावे. बांधताना डोई उघडी ठेवावी.'

"डोई?" ती म्हणाली. "हे कोनं लिवलं?"

गुरुजी जरा अवघडले. "मीच. बाई, तुमच्या पानात इतक्या चुका होत्या की लाल शाईनं वाचता येईना. म्हणून मी स्वच्छ प्रत करून वर चिकटवली. मजकूर तुमचाच आहे, फक्त शुद्ध केलाय."

मनकर्णाबाईनं पान चिमटीत धरलं. जाड लागलं. तिनं पाण्याचा तांब्या ओढला, बोटं बुडवली आणि पानाच्या कडा भिजवायला लागली. "अहो, फाटेल," गुरुजी ओरडले. पण कलम बांधणारीचा हात तो! खळ सुटली, वरचा कागद सालीसारखा सोलून निघाला, आणि खालून तिची ओबडधोबड, ओळ सोडून चालणारी अक्षरं बाहेर आली. त्यांच्यावर लाल शाईचा सडा पडला होता, पण ती तिची होती.

ती उभी राहिली आणि भर अंगणात खणखणीत वाचू लागली. "खुटावर आडवी चिर देजो. मंग उभी चिर देजो. साल हलकीच उकलजो. पाह्यजे त्या गुलाबाचा फुगलेला कोंब सालीसगट काढून फटीत बसवजो. वरतून सोपट गच्च बांदजो. बांदतानी डोया उघडा ठेवजो!"



मग महादेवरावाच्या पोटातून हसू फुटलं ते थांबेचना. हिरालाल आपल्या सोललेल्या टकलावर हात मारून हसला, कवडूला तर ठसका लागला. कौशल्याबाई तोंडाला पदर लावून हसता हसता रडल्या. एकटे गुरुजी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"डोया म्हणजे?" त्यांनी विचारलं. "डोई नव्हे?"

सातही जणांनी एकदम आपापल्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"डोळा, गुरुजी," कौशल्याबाई म्हणाल्या. "कोंबाचा डोळा! त्याच्यावर सोपट गुंडाळायचं नाही, तो बाहेर ठेवायचा. आम्ही डोकी उघडी ठेवली आणि डोळे गच्च झाकले. सडतील नाही तर काय?"

गुरुजींचा चेहरा त्यांच्या शाईच्या रंगाचा झाला. "मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "इकडची काही रीत असेल."

"अन आमी गधे!" महादेवराव डोळे पुसत म्हणाला. "बाईच्या हातचं अस्तं तं टोपी काढाच्या आधी विचारलं अस्तं, की बाई, हे काय? पन शुद्ध अक्षरात लिवलं दिसलं, अन मुकाट्यानं टोपी काढली!"

हिरालालला आता चेव आला. मघाचं आपलं बोलणं त्याला झाकायचं होतं. "आता ठराव करा! वहीत शुद्धलेखन बंद! ज्याले जसं लिवाचं तसं लिवा. लाल शाई फेका नालीत!"

"चूप बसा जी!" मनकर्णाबाई गरजली. हिरालाल खालीच बसला. "मघा मले लबाड म्हनत होते, आता माह्याच नावानं ठराव करून राह्यले! शुद्धलेखन बंद काऊन कराचं? एका अक्षरापायी साठ खुंट मेले. अक्षराले किंमत नाई असं मी कोन्या तोंडानं म्हनू?" मग ती गुरुजींकडे वळली, आणि आवाज थोडा खाली आणला. "गुरुजी, माह्या चुका होतात. मले ऱ्हस्व-दीर्घ येत नाई. तुमी दाखवजा, मी शिकीन. पन माहं बोलनं झाकून त्याच्यावर तुमचं चिकटवू नका. नाई समजलं तं इचारा. इचाराले काऊन लाज वाटली? अल्लीपूर का लंडन आहे?"

गुरुजी उठले. अख्खा जन्म मुलांना उभं करण्यात गेलेला माणूस, आज स्वतः उभा राहिला. "चुकलो, बाई," ते म्हणाले, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी शब्द पाहिला, माणूस पाहिला नाही. नवं पान घ्या, तुमच्या हातानं लिहा. आत्ता, इथंच."

मनकर्णाबाईच्या छातीत आनंद मावेना. तिनं मांडीवर वही घेतली आणि आठ जणांच्या गराड्यात, जीभ दातात धरून, एकेक अक्षर उभं केलं. चांगला पाऊण तास लागला. कोणी घाई केली नाही. महादेवरावानं चहा आणला तो तिच्यापुढे निवून गेला. शेवटची ओळ झाली तसं गुरुजी वाकून पाहू लागले. पाहता पाहता त्यांचं बोट आपसूक कागदाकडे सरकलं.

"बाई, इथं 'बांदजो' नव्हे, बांधजो. 'ध' पाहिजे. आणि हा दीर्घ..."

"थांबा," मनकर्णाबाई म्हणाली. "ते मागून करू. आधी सांगा, समजलं का तुमाले?"

"समजलं."

"काय समजलं? न पाहता सांगा."

साताऱ्याच्या हेडमास्तरांनी हात मागे बांधले, नजर समोर लावली आणि वर्गातल्या पोरासारखं धडाधड म्हणून दाखवलं, आडवी चीर, उभी चीर, साल, कोंब, सोपट, आणि शेवटी जरा अडखळून, पण बरोब्बर वऱ्हाडीत, "बांदतानी डोया उघडा ठेवजो."

अंगणात टाळ्या पडल्या. मनकर्णाबाईनं वहीत खाली आपलं नाव लिहिलं, मान वर केली आणि म्हणाली, "पास."