चार दसऱ्यांचा रंग

धाकू घाडीला बाळा तोरसकराचं तोंड बघायचं नव्हतं, आणि नशिबाने नेमकं तेच तोंड त्याच्या समोरच्या वाइसवर, काम पकडीत धरायच्या टेबलावर, आणून उभं केलं होतं. दोघे एकाच गिरणीतले फिटर. ब्याऐंशीच्या संपात आठव्या महिन्यात बाळा मागच्या गेटने कामावर गेला, वर मॅनेजरला संपवाल्यांची नावं पुरवतो असा बोभाटा झाला. खरं-खोटं देव जाणे. धाकूने मात्र त्याच दिवशी चाळीच्या जिन्यात जाहीर केलं, ह्या फितुराशी मी मरेपर्यंत बोलणार नाही. पुढे गिरणीच बंद पडली. धाकू त्र्याऐंशीत विक्रोळीच्या फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, लागला, आणि दोन वर्षांनी टेंपररी म्हणून बाळाही तिथेच येऊन टपकला. पाना हवा असला तर धाकू उठून दुसऱ्या खात्यात जायचा, पण समोर हात पसरायचा नाही.

आता शहाऐंशीचा दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते आणि बाळाची पुरती वाट लागली होती. भट्टीला वारा देणारा मोठा ब्लोअर दसऱ्याच्या सुट्टीनंतर जो थरथरायला लागला तो थांबेचना. बुडाचे बोल्ट ढिले व्हायचे, खिडकीच्या काचा वाजायच्या, आणि शाफ्टचं बेअरिंग पाच-सहा दिवसांत जळून जायचं. दोनदा बाळाने नवं बसवलं. दुसरंही गरम व्हायला लागलं तेव्हा वर्क्स इंजिनियर शरच्चंद्र प्रधान भर खात्यात ओरडले, "तोरसकर, हातोड्याने ठोकून बसवतोस की काय रे? धाकू, आज तू खोल. याने चुकीचं बसवलंय असं निघालं, तर हा संध्याकाळी घरी. कायमचा."

बाळा ब्लोअरपासून बाजूला सरकला. धाकूच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार वर्षं वाट पाहिली होती त्याने ह्या संध्याकाळची.

त्याने बेअरिंग काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं. हातोडीचा घाव शोधला, शाफ्टवर ओरखडा शोधला. मेलं एवढंसंसुद्धा नव्हतं! खुद्द धाकूलाही याहून चांगलं बसवता आलं नसतं, आणि ह्या गोष्टीचा त्याला भयंकर राग आला.

मग त्याने शाफ्ट, ज्यावर पट्टा चढतो त्या पुलीसकट, बाहेर काढला आणि दोन समांतर लोखंडी पट्ट्यांच्या धारेवर ठेवला. गिरणीत तो असंच करायचा. पुलीचं वजन सगळीकडे सारखं असलं तर ती ढकलाल तिथे थांबते, नाहीतर लोळत लोळत जड बाजू खाली आणते. कमरेएवढी ती पुली लोळली आणि थांबली. धाकूने खाली आलेल्या बाजूला खडूने खूण केली. पुन्हा ढकललं, खूण खाली. तिसऱ्यांदा ढकललं, खूण खालीच.

त्याने पुलीच्या कडेच्या आत हात घातला. बोटांना जाड, मऊ गोळा लागला. पेचकसाने खरवडला तर लाल निघाला. थरावर थर, चार थर. वरचा तर आतून अजून ओला होता.

रंग धाकूचाच होता. खंडेनवमीला पट्टा उतरवून पुली धुवायची, लाल ऑइलपेंट मारायचा, झेंडूचा हार घालायचा, हे दर वर्षीचं काम त्याचं. दुसऱ्या कुणाचा हात तो पुलीला लागू देत नसे. डब्यात उरलेला रंगही तो कडेच्या आत ओतून टाकायचा, वाया कशाला घालवायचा म्हणून. पट्टा निघाला की पुली जड बाजू खाली करून उभी राहायची, ओला रंग ओघळून तिथेच साचायचा आणि सुट्टीत वाळायचा. पुढल्या वर्षी पुन्हा तीच बाजू खाली. असे चार दसरे, आणि यंदा ते वजन हाताबाहेर गेलं.

हे कुणाला कळणार होतं? रंग खरवडून गटारात टाकायचा, बेअरिंग वाकडं बसवलं होतं म्हणायचं, की फितूर गेटाबाहेर. संपात धाकूची बायको मालन पोरं घेऊन गावी भावाच्या दारात पडून राहिली होती. भावजयीचे टोमणे तिने गिळले ते ह्याच्यासारख्यांमुळे. धाकूने रंगाचा गोळा मुठीत दाबला.

प्रधानसाहेब आले. "बोल, काय घाण केली होती यानं?"

"हा माणूस हरामखोर आहे, साहेब," धाकू म्हणाला. "संपात आमच्या पोटावर पाय देऊन गेलाय. त्याच्यासाठी हाकला, मी टाळ्या वाजवीन. पण बेअरिंग त्याने नीट बसवलंय. पुली एका बाजूला जड केली ती मी." आणि तो लाल गोळा त्याने साहेबांच्या पायाशी आपटला.

साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर असा झाडला की शेजारच्या खात्यातली माणसं बघायला आली. पुढच्या दसऱ्याला पुलीला फक्त हार, रंगाचा डबा घेऊन दिसलास तर बघ, असा दमही भरला. धाकूने पुली साफ केली, शाफ्ट चढवला, ब्लोअर चालू केला. बुडावर पाण्याचा भरलेला पेला ठेवला तर पाणी हलेना.

बाळा जवळ आला. आभार मानले तर तोंडावर थुंकायचं, असं धाकूने ठरवून ठेवलं होतं.

"पयला बेअरिंग काढलंय, तेवाच रंग बघलंय मी," बाळा म्हणाला.

"मगे सांगूक काय झाला हुता तुका?" धाकू खेकसला. चार वर्षांत त्याने बाळाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"कोणाक सांगू? तू बोलतंस खंय? पुलीक हात लावलो तर तू हात तोडतलंस. आणि सायबाक जाऊन सांगू? मगे तूच म्हणतलंस, बघा, बाळो परत फितूर झालो." त्याने आपला पाना उचलला. "तेच्यापरास नोकरी गेलेली बरी."

तो गेला. धाकू रॉकेलच्या डब्यात हात बुडवून बोटांचा लाल रंग काढत राहिला. त्याला पाठीमागून काहीतरी जोरात हासडायचं होतं. शिव्या त्याला पुष्कळ येत होत्या, पण ह्या माणसाला लागू पडेल अशी एकही सापडेना.