सहा मैलांची टाच

चुलीत तापवलेली वीट. विटेवर रुईचं पान. पानावर टाच.

मंद्रूपच्या शाळामास्तरांना दर महिन्याला मुंबईहून फुलझाडांच्या बियांचं पाकीट येतं.

लंगडा बैल विकायचा असेल तर मंगळवारच्या बाजाराला चार कोस चालवत आणावा. चालून चालून पाय सुटतो आणि गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. बांधून ठेवला की मात्र उठताना सगळं उघडं पडतं.

विजापूर रस्त्याला चौथ्या मैलावर मोरी आहे. तिचा एका बाजूचा कठडा पडलेला आहे.

सुई दिव्यावर धरली की काळी पडते.

सात घुंगरं.

हे सगळं हरिबाच्या डोक्यात एकाच वेळी चालायचं, आणि हरिबा पळत असायचा. पळणं हीच त्याची नोकरी होती. सन अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात तो डाकेचा हरकारा म्हणून लागला. कचेरीत त्याला रनर म्हणत. दिवस उगवायला सोलापुरातून थैली पाठीवर घ्यायची, घुंगरं बांधलेला भाला हातात धरायचा आणि सहा मैल दुडक्या चालीनं वडकबाळच्या अलीकडच्या चौकीवर जायचं. तिथं गुरुबसप्पा नावाचा जुना हरकारा थैली घेऊन पुढं मंद्रूपला जायचा. तो परतीची थैली घेऊन आला की दुपारी तेच सहा मैल उलटे.

सहा महिने उमेदवारी. पास झाला तर पितळी बिल्ल्याचा पट्टा कायमचा कमरेला. नापास झाला तर जागेवर डोळा ठेवून बसलेले चारजण कचेरीच्या पायरीवर रोज दिसतच होते. गिरणीतून काढलं गेल्यावर हरिबाला ही एकच जागा मिळाली होती. तिकडं मोहोळजवळच्या गावात त्याच्या बापानं, आप्पानं, पोरगं सरकारात लागलं म्हणून पेढे वाटून टाकले होते.

आणि पाचव्या महिन्यात टाच.

सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की जमिनीतून खिळा वर यावा तशी कळ. भिंत धरून दहा पावलं. मग ती सैल पडायची. पहिल्या मैलाला वाटायचं, गेली. दुसऱ्याला वाटायचं, उगाच घाबरलो. तिसऱ्याला ती परत यायची. दुखणं येतं-जातं याचीच त्याला जास्त भीती होती. धड सुजली असती, रक्त आलं असतं, तर कुणाला दाखवता तरी आलं असतं.

"काटा मोडलाय आत," तो बायकोला म्हणाला.

रंभानं सुई तापवून टाच उकरली. "न्हाय काटा."

"हाय. नीट बघ की."

"तीनदा बघितलं. आता काय टाचंचं पीठ करू?"

शेजारच्या शिवबाईनं बिब्बा लावायला सांगितला. बिब्बा उतला, पैशाएवढा फोड आला, आणि पाच दिवस हरिबा दोन दुखणी घेऊन पळाला. फोड बसला. पहिलं होतं ते राहिलं.

एकदा तो चौकीवर पोचला, तर गुरुबसप्पा तंबाखू मळत बसलेला. हरिबाला तो कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा.

"तम्मा, आज वढ्यापासनं लंगडत आलास."

"तुमी कुटं बघितलं? तुमी तर हितं आत."

"बघायला कशाला पायजे? घुंगरू सांगतंय की. छन्, छन्, छन्... मग छ-छन्. एक पाय खोटा पडतोय."

हरिबानं भाल्याकडं पाहिलं. सात घुंगरं, पाच महिने त्याच्या हातात. ती त्याच्यावरच चहाडी करत होती हे त्याला आज कळलं.

"ओव्हरसियरसायबाला बी कळंल?"

"गंगाधरपंताला? वीस वरसं त्यो हरकारेच ऐकतोय. डोळे मिटून नाव सांगतोय, कोण आलं त्याचं."

"मग झालं."

"काय झालं? सांगून टाक त्याला. आनि पळताना टाच आपटू नको. सगळे नवे आपटतात. पाऊल आखूड टाक. हितं आलास की धपकन बसू नको, जरा हिंडत राहा."

"सांगितलं की पट्टा गेला."

"अय्यो! पट्टा टाचंला बांधतात का कमरंला?" म्हणून गुरुबसप्पा हसला, पण हरिबाला हसू आलं नाही.

त्यानं पाऊल आखूड टाकून पाहिलं. टाचेला बरं वाटलं. पण वेळ वाढला, आणि वेळ वाढतोय म्हटल्यावर पाऊल आपोआप लांब पडायला लागलं.

मग कचेरीतून निरोप आला. गुरुवारी गंगाधरपंत चौकीवर येऊन बसणार. उमेदवाराची पाहणी.

पहिला मैल.

नाक्याबाहेर आल्यावर हरिबा बाभळीमागं गेला. कनवटीतून रंभाच्या जुन्या लुगड्याची चिंधी काढली, तिचे सात बोळे केले आणि एकेका घुंगराच्या फटीत काडीनं कोंबले. भाला हलवला. चिमणी वाळक्या पानावरून चालावी एवढाच आवाज. त्याला बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

दुसरा मैल.

टाच गप्प. घुंगरं गप्प. स्वतःचा श्वास एवढा मोठा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिसरा मैल.

आली.

आता लंगडायला मोकळीक होती, आणि तो मनसोक्त लंगडला. कुणाला ऐकू जाणार? वेळ मात्र राखायचा. लंगडत, पण जोरात.

चौथा मैल.

मोरीवर बैलगाडी. गाडीवान जोखडामागं मान टाकून झोपलेला. रोज असा कुणी झोपला असला तरी लांबून घुंगरं ऐकून बैलच बाजू द्यायचे. आज कुणी बाजू दिली नाही. हरिबाच्या हे ध्यानात आलं तेव्हा तो बैलाच्या शेपटीशी होता. बैल बुजला, गाडी तिरकी झाली, एक चाक पडक्या कठड्याकडं सरकलं आणि कांद्याचं पोतं खाली घरंगळलं. हरिबानं थैली छातीशी धरून नाल्यात उडी मारली. सगळा भार टाचेवर.

डोळ्यांपुढं पांढरं झालं.

"आरं, डाक हायस का भूत!" वरून गाडीवान ओरडत होता. चाक काठावर अडकून थांबलं होतं. "वाजवत यायला काय झालं तुला? आत्ता मेलो असतो की मी!"

हरिबाला चाकाला खांदा द्यायचा होता. पण वेळ. त्यानं हात जोडले आणि तो पळाला. पुढचा फर्लांगभर मागून शिव्या येत होत्या, आणि प्रत्येक शिवी त्याला बरोबर वाटत होती.

पाचवा मैल.

याबद्दल त्याला नंतर काही आठवलं नाही.

सहावा.

गंगाधरपंत खुर्ची बाहेर काढून, रस्त्याकडं तोंड करून, घड्याळ हातात धरून बसले होते. हरिबा समोर येऊन उभा राहिला तरी ते क्षणभर रस्त्याकडंच पाहत होते.

"चार मिनिटं लवकर," ते म्हणाले. मग भाला मागितला. हलवून पाहिला. नखानं एक बोळा ओढून काढला, पदराची किनार होती ती, आणि गुडघ्यावर ठेवला. दुसरा काढला. सातही काढले. गुरुबसप्पानं थैली उचलली होती, पण तो निघत नव्हता.

"हे कशाला?"

"टाच दुखती, सायेब."

"टाचेचं आणि घुंगरांचं काय?"

हरिबानं सांगितलं. मोरीवरच्या गाडीचंही सांगितलं, कारण आता लपवायला अंगात बळ नव्हतं.

"अरे, लंगडत ये ना," पंत एकदम चिडून म्हणाले. "लंगडणारे मी पुष्कळ पाहिलेत. हा गुरुबसप्पा दोन वर्षं लंगडत होता. पण रस्त्याला कळायला नको, डाक येतेय म्हणून? ते चाक आणखी वीतभर गेलं असतं तर?"

"चुकलं, सायेब."

पंतांनी वहीत बराच वेळ लिहिलं. हरिबा एका पायावर उभा होता. गुरुबसप्पा त्याच्याकडं बघत नव्हता, हे त्याला सगळ्यात वाईट चिन्ह वाटलं.

"उमेदवारी आणखी तीन महिने," पंत म्हणाले. "पुन्हा घुंगरू मुकं सापडलं तर त्याच दिवशी घरी."

गेली नव्हती नोकरी. मिळालीही नव्हती. आणखी तीन महिने, दिवसाला बारा मैल, याच टाचेवर. हरिबाला आधी हायसं वाटलं, मग त्यानं हिशेब केला, मग तो चौकीच्या जोत्यावर धपकन बसला.

"बसू नको म्हटलं होतं," गुरुबसप्पा जाता जाता पुटपुटला. त्याची घुंगरं मंद्रूपकडं निघून गेली, एका सुरात.

दुपारी तो परतीची थैली घेऊन आला तेव्हा हरिबा उठला. पहिलं पाऊल टाकलं आणि दात करकचून आवळले गेले. मग त्यानं भाला उचलला. छन्. छ-छन्. रानात काम करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. एकजण दुसरीला काही म्हणाली. मोरी येईपर्यंत त्यानं पाऊल आखूड ठेवलं, आणि मोरीच्या पुष्कळ अलीकडूनच तो भाला जोरजोरात हलवू लागला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

हरिबाच्या आधी हा टप्पा पळणाऱ्या माणसानं सन सव्वीसच्या श्रावणात टाचेसाठी तीन आठवड्यांची रजा मागितली होती, आणि ती त्याला मिळाली होती; हरिबानं रजेचं कधी विचारलंच नव्हतं.