वाणातले वीर

पौषातलं ऊन. कोवळं, केशरी, किंचित आळशी. उसाच्या फडांवरून सांगलीत शिरणारं, गच्च्यांवरच्या पतंगांना गुदगुल्या करणारं, आणि दुपार कलली की गोगट्यांच्या बैठकीतल्या काचेच्या शोकेसवर येऊन अलगद टेकणारं ऊन.

शोकेसमध्ये एकेचाळीस वीर उभे होते. ज्वालाकेशी अग्निदैत्य, नीलपंखी नाग, हिमश्मश्रू म्हातारा, शंखपृष्ठ कासव आणि एक गाजर. शस्त्रसज्ज, रक्तनेत्र, अत्यंत रागावलेलं गाजर. सगळे बोटाएवढे, आणि प्रत्येकाच्या पायाखालच्या चकतीत एक चिप. टीव्हीला जोडलेल्या चौथऱ्यावर त्यांना उभं केलं, की चौथरा निळा उजळे आणि बाहेरचं बाहुलं आत, खेळात, धावू लागे. अचल ते चंचल होई. जड ते जिवंत होई.

तेराव्या वर्षी निषादनं अग्निदैत्याला पहिल्यांदा तिथं ठेवलं, तेव्हा त्याचा श्वास अडकला होता. आता तो चोवीस वर्षांचा होता, आणि श्वास अगदी व्यवस्थित चालू होता.

प्रेम केव्हा गेलं, त्याला कळलं नाही. भांडण नाही, निरोप नाही. गेल्या दिवाळीत अग्निदैत्य पडद्यावर प्रकटला, गरजला, त्यानं अख्खा पर्वत पेटवला. आणि निषादच्या मनात आलं, दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली का आपण? एवढ्या मोठ्या वणव्यात तेवढंच.

पण सांगणार कुणाला? शोकेस मूळची आईची. लेकाच्या वीरांना जागा व्हावी म्हणून वैजयंतीबाईंनी लग्नातला गुलाबकळ्यांचा टी-सेट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर चढवला होता. अकरा वर्षं ते गुलाब अंधारात फुललेले. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं, की आई, मन उडालं? म्हणून निषाद रोज शोकेससमोर क्षणभर थांबे आणि चेहऱ्यावर अनुराग आणी. दाढ दुखत असल्यासारखा दिसे.

आज संक्रांतीचं हळदीकुंकू. तिळगुळाचा खमंग दरवळ, अत्तराची नाजूक कुपी, आणि वाण म्हणून लुटायला मागवलेल्या चाळीस चहाच्या गाळण्या. बायका पाचला येणार होत्या. खोकं साडेचारला आलं. आईनं उघडलं. गाळण्या देखण्या होत्या. लखलखीत कडा, कमनीय दांडे. फक्त जाळी नव्हती. एकीलाही नव्हती. चाळीस वर्तुळं, चाळीस चकाकत्या पोकळ्या, आणि त्यांतून आरपार दिसणारी आई.

"गेल्या वर्षी कुंभोजकरांनी डबे लुटले," ती जमिनीवर बसत म्हणाली. "झाकणासकट."

निषादनं शोकेसकडे पाहिलं. गाजरानं निषादकडे पाहिलं.

"आई, हे लुटूया?"

आईनं मान वर केली. "तुला सांगणारच होतो मी," तो चाचरला, "म्हणजे, तुझी शोकेस अडवून..."

"काय सांगणार? यांची धूळ कोण पुसतं? दिवाळीपासून एकानं जागा सोडलेली नाही. तुला वाईट वाटेल, म्हणून गप्प होते."

"मला वाटलं, तुला वाटेल."

"शहाणेच आहोत दोघं. चाळीस काढ चल, आणि पुसून दे."

त्यानं चाळीस काढले. एकेचाळिसावा, अग्निदैत्य, हळूच शर्टाच्या खिशात घातला. मन उडालं, तरी एखादं पीस मागं राहतंच.

मग चंद्रकळा आल्या. काळ्या, काजळकाळ्या, काठांवर सोनं सळसळणाऱ्या. हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर मनगटांवर उतरलं, आणि ओंजळी-ओंजळीत एकेक योद्धा विसावला.

"वहिनी, हे वापरायचं कशात?" कुंभोजकरकाकूंनी गाजर उलटंसुलटं केलं. "आणि चिडलंय का ते?"

"ते तसंच असतं, काकू."

"मग आमच्या ह्यांच्या शेजारी ठेवते. जोडी होईल."

आणि काकूंच्या मागून, दारात, एक बाई चपला काढत होती. बोलावणं नसलेली, तासगावाहून आजच आलेली, काकूंची नणंद. एकेचाळिसावी ओंजळ. रिकामी.

आईनं तबकाकडे पाहिलं, मग लेकाकडे. मागितलं काहीच नाही.

निषादचा हात खिशावर गेला. तिथंच राहिला. आत ज्वालाकेश हाताला लागत होते. मऊसे, ओळखीचे, तेरा वर्षांच्या मुलाच्या बोटांनी झिजलेले. मग त्यानं दैत्य बाहेर काढला आणि त्या अनोळखी ओंजळीत, दोन्ही हातांनी, निजलेलं मूल ठेवावं तसा ठेवला.

"अगंबाई, गोड आहे की," नणंद म्हणाली.

अकरा वर्षांत त्याला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

ऊन विझत आलं. निषाद गॅलरीत उभा राहिला. खाली हसणं पांगत होतं, पैंजणं पांगत होती, गल्लीगल्लीला एकेक चंद्रकळा वळत होती. जणू संध्याकाळनं आपलीच रात्र फाडून वाटली होती, घरोघरी, तुकड्यातुकड्यानं. आणि प्रत्येक काळ्या तुकड्याच्या तळहातावर, मावळत्या उजेडात लुकलुकत, दूर दूर जात होता एक इवलासा, रागीट तारा.